कचरा खाली कोण नेतं?

सरकारी घर नाकारलं गेलेला माणूस नेपाळचा असो, फिलिपिन्सचा असो नाहीतर आपल्या पुण्याचा, आमच्या खिडकीशी आला की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. "तुम्ही माझ्या जागी असता तर?" ते वाक्य जपानीत सांगणं हे माझं काम. पण जपानीत, तेही सरकारी माणसाच्या तोंडावर, असं काही विचारायची सोय नाही. म्हणून मी वर्षानुवर्षं त्याचं भाषांतर "आपण कृपा करून या प्रकरणाकडे पुन्हा एकवार पाहाल का?" असं करत आले. इकडे माणूस टेबलावर मूठ आपटतोय आणि तिकडे मी कमरेत वाकून गोड आवाजात विनंती करतेय, असा तो देखावा असायचा. एकदा एका नेपाळी गृहस्थानं मला विचारलंच, "दीदी, मी एवढा ओरडलो, ते सगळं गेलं कुठं?"

मी टोकियोच्या पूर्वेकडच्या एका वॉर्डात परदेशी रहिवाशांच्या सल्ला-खिडकीवर दुभाषी होते. वॉर्डाचं नाव सांगत नाही, तिथल्या लोकांना अजून नोकऱ्या करायच्या आहेत. मी स्वतः यंदाच्या मार्चअखेर निवृत्त झाले. जपानमध्ये आले ती आपल्या बहुतेक बायका येतात तशीच, नवऱ्याच्या आयटीच्या कंत्राटाबरोबर, दोन सुटकेसा आणि एक प्रेशर कुकर घेऊन. ओजिमात राहायला लागलो. जपानी शिकले ती हौसेनं नव्हे, मुलाच्या पाळणाघरातून रोज येणाऱ्या सूचना वाचता येईनात म्हणून. तो मुलगा आता त्सुकुबाला संशोधन करतो आणि माझ्या मराठी मेसेजला जपानीत उत्तर देतो. म्हणजे घरातही दुभाष्याचं काम काही सुटलेलं नाही.

बाहेरच्या माणसाला हा धंदा समजावा म्हणून थोडक्यात सांगते. सरकारी घराचं भाडं तुमच्या मिळकतीवर ठरतं, म्हणून ते सगळ्यांनाच हवं असतं. बहुतेक घरं सोडतीत जातात, नशिबाचा मामला. काही थोडी घरं मात्र राखलेली असतात. आजारामुळे ज्यांना आपलं सध्याचं घर झेपत नाही, अशांना ती सोडतीशिवाय मिळू शकतात. डॉक्टरांचा दाखला जोडून अर्ज करायचा, मग गृहविभागाचा माणूस घर बघायला येतो आणि पुढं होकार किंवा नकार कळतो. होकार मिळालेली माणसं आमच्याकडे कशाला फिरकतील? नकारवाले यायचे. त्यांची तक्रार ऐकायची, ती योग्य त्या भाषेत आणि योग्य त्या जागी पोचवायची आणि फेरपाहणी पदरात पाडून घ्यायची, हे आमचं काम.

मला या कामात ज्यांनी घडवलं ते माझे साहेब, होरिगुची-सान. बोलण्यात विलक्षण कंजूष माणूस. चेहऱ्यावरून त्यांना भूक लागली आहे की आनंद झाला आहे ते कळायचं नाही. मी रुजू झाले त्याच आठवड्यात त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "साठे-सान, आजाराचं नाव सांगत बसू नका. नावाला कुणी घर देत नाही. कचरा खाली कोण नेतं, ते विचारा."

मला वाटलं, साहेबांची गाडी रुळावरून घसरली. पण नाही. जपानमध्ये राहिलेल्यांना हे लगेच पटेल. इथे कचरा ही काही दारात येऊन कुणी न्यायची वस्तू नाही. ठरलेल्या वारी, ठरलेल्या प्रकारचा, ठरलेल्या जागी, सकाळी आठच्या आत तो आपण नेऊन ठेवायचा. आदल्या रात्री ठेवलात तर शेजारी तक्रार करतात, आठनंतर ठेवलात तर पिशवी तिथंच राहते आणि शेजारी तरीही तक्रार करतात. म्हणजे सकाळी वेळेत उठणं, पिशवीची गाठ मारणं, ती उचलणं, जिना उतरणं आणि पुन्हा चढून येणं, एवढं सगळं त्या एका कामात येतं. आजार केवढा मोठा आहे हे गृहविभाग विचारत नाही, तुमचं घर त्या आजारी माणसाला काय करतं हे विचारतो. आणि ते कचऱ्याच्या दिवशी सकाळी सगळ्यात स्वच्छ दिसतं.

हा प्रश्न हाती आल्यावर माझी निम्मी डोकेदुखी गेली. पुण्याचे एक सद्गृहस्थ होते. नाव लिहीत नाही, ते हा अंक वाचतात. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये एकेक दाखला घालून आले होते. पित्त, मानदुखी, धुळीची ॲलर्जी, बायकोची अर्धशिशी. आधी त्यांनी मला "वर तुमची कुणाशी ओळख आहे का हो?" असं खाजगी आवाजात विचारलं. नाही म्हटल्यावर मग आजार काढले. मी विचारलं, "कचरा खाली कोण नेतं?"

"मीच. लिफ्ट आहे ना," ते म्हणाले.

"मग अडचण काय आहे?"

"अहो, स्टेशन लांब आहे!"

त्यांचा पगारही सरकारी घराच्या मर्यादेपलीकडे होता, पण ते ऐकायला ते थांबले नाहीत. त्यांनी माझीच तक्रार केली, 'आपल्या माणसांना मदत करत नाही' म्हणून. होरिगुची-सान यांनी ती उभं राहून ऐकून घेतली, त्यांचे आभार मानले, त्यांना दारापर्यंत पोचवलं आणि येताना मशीनमधून माझ्यासाठी गरम कॉफीचा डबा घेऊन आले.

असे नग हसवून जातात. मला राग यायचा तो खऱ्या आजारी माणसांचा. कारण खरा आजारी माणूस तक्रारच करत नाही. एक नेपाळी आचारी होता, भट्टीपाशी उभं राहून राहून गुडघे संपलेला. त्याच्या घराची पाहणी करायला अधिकारी आला, तर हा पठ्ठ्या ताडकन उठला आणि घरातली एकुलती एक खुर्ची त्याला देऊन स्वतः जमिनीवर मांडी घालून बसला! अधिकाऱ्यानं लिहिलं, 'जमिनीवर बसता येतं.' त्याची तक्रार मी लढवली, पण तो फेरपाहणीपर्यंत थांबलाच नाही. सेंदाईला चुलतभावाच्या हॉटेलात निघून गेला. त्याचं मला अजून वाईट वाटतं. जाताना माझेच आभार मानून गेला, त्याचं तर जास्तच.

आणि मग अनघा आली.

अनघा मूळची साताऱ्याची. लग्न होऊन जपानला आलेली, चाळिशीच्या आतबाहेरची. नवरा गिरीश बरोबर होता. त्यांना इथली कायमची राहण्याची परवानगी मिळालेली होती, पण त्याचं आयटीचं कंत्राट संपलं होतं आणि दुसरं मिळेपर्यंत तो पार्सलच्या एका गोदामात दिवसपाळी-रात्रपाळी करत होता. राहायला एका जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. अनघाला संधिवात होता. म्हातारपणी गुडघे कुरकुरतात तो नव्हे. शरीर आपल्याच सांध्यांवर उलटतं, तो. सकाळी उठताना बोटं, मनगटं, घोटे लाकडासारखे होतात. औषध लागू पडतं, दिवस वर येतो, तसतसे ते सुटत जातात. दुपारी दोनला तिला पाहाल तर म्हणाल, या बाईला काय धाड भरली आहे? तिचा आजार सकाळी खरा आणि दुपारी खोटा दिसणारा, आणि सरकारी ऑफिसं पाहणीला निघतात ती जेवणानंतर.

ओजिमातल्या एका मसाल्याच्या व्यापाऱ्याकडे ती फोनवर ऑर्डरी घ्यायची. अर्धवेळ काम, इथल्या भाषेत बाइतो, पण तिचं स्वतःचं. जपानी ती तिथंच फर्डं शिकली होती. काम बसून होतं, ते जमत होतं. जमत नव्हता तो चार मजल्यांचा जिना. रोज उशीर व्हायचा. मालक भला होता, पण त्यानंही आता 'असं किती दिवस चालायचं?' म्हणून विचारलं होतं. तिकडे साताऱ्याहून सासूबाईंचा धोशा चालला होता, हिला इकडे पाठव, तू राहा तिकडे एकटा. आणि गिरीशलाही ते थोडं थोडं पटायला लागलं होतं.

"विद्याताई, मला परत नाही जायचं," गिरीश झेरॉक्स काढायला गेल्याबरोबर ती म्हणाली. "एकदा गेले की आजारी सून म्हणून कोपऱ्यातल्या खोलीत बसेन. सगळे माझं करतील, प्रेमानं करतील. पण मी मग कुणीच उरणार नाही हो."

मला कुणी रडून सांगितलं असतं तर एवढं लागलं नसतं. ती अगदी कोरड्या डोळ्यांनी सांगत होती.

मी नकाराचं कारण वाचलं. 'जिना स्वतः वापरतात. घर नीटनेटकं. चहा व खाद्यपदार्थ स्वतः करून दिले. घरातला कचरा स्वतः खाली नेतात. तातडीची गरज दिसत नाही.'

"चहा?" मी विचारलं.

अनघानं मान हलवली, हो म्हणून.

"आणि खाद्यपदार्थ?"

"पोहे केले होते," ती पुटपुटली. "आणि थोडा शिरा."

"सरकारी माणूस तू किती आजारी आहेस ते बघायला आला होता, आणि तू त्याला शिरा खायला घातलास?"

"अहो, पहिल्यांदाच घरी आला होता तो! आणि जपानी माणूस. आपल्या लोकांबद्दल काय म्हटला असता? तसाच पाठवायचा कोरड्या तोंडानं?"

हळूहळू सगळं बाहेर आलं. ओगावा-सान नावाचा अधिकारी दुपारी येणार म्हणून ही पहाटेच उठली होती. कढत पाण्यात हात बुडवून बुडवून बोटं मोकळी केली. रोज न्याहारीनंतर घ्यायची गोळी भल्या पहाटे घेतली आणि वर आणखी एक घेतली. गिरीशनं कांदा चिरून ठेवला, कप काढून ठेवले. साडी नेसून ती खाली दारापर्यंत त्याला घ्यायला गेली, कारण पाहुण्याला जिना सापडायला नको का! ओगावा-सान यांनी जेवढं विचारलं त्या सगळ्याला तिचं उत्तर 'दाइजोबु.' म्हणजे ठीक आहे, चालतंय. जिना? दाइजोबु. स्वयंपाक? दाइजोबु. कचरा खाली कोण नेतं? "मीच नेते."

"आणि खरंच कोण नेतं?"

"गिरीश. त्याची रात्रपाळी असली की पिशवी बाल्कनीतच राहते. खालच्या मजल्यावरच्या आजी दोनदा वासाची तक्रार करून गेल्या." ती जरा थांबली. "पण नवरा कचरा नेतो असं कसं सांगणार, ताई? घरात बाई असताना?"

माझा तोल सुटला. मी खिडकीवर बसून कधी आवाज चढवला नव्हता, तो त्या दिवशी चढवला, आणि तोही शुद्ध मराठीत. झाकली मूठ सव्वा लाखाची हे आपलं ब्रीद, पण ती मूठ धड मिटताही येत नाही अशा बाईनं ती किती दिवस झाकायची? रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, आणि हे तर सरकार! असं बरंच काही बोलले. गिरीश झेरॉक्स घेऊन आला तो दारातच थबकला. पलीकडच्या टेबलावरचे होरिगुची-सान मान वर करून बघत होते.

मी त्यांना सगळी हकिगत सांगितली. शिरा म्हणजे काय हेही सांगावं लागलं. त्यांनी ऐकलं आणि एवढंच म्हणाले, "सकाळ मागा."

गृहविभागाकडे फेरपाहणीची मागणी गेली, ती मंजूरही झाली, पण घोडं वेळेशी अडलं. अधिकारी दुपारीच निघतात, असा त्यांचा रिवाज. सकाळी बैठका असतात, शिवाय लोकांच्या घरी एवढ्या लवकर जाणं असभ्य दिसतं. मी फोनवर माझी सगळी अदब खर्च केली, उपयोग शून्य. तेव्हा होरिगुची-सान यांनी माझ्या हातातून फोन घेतला. या माणसाला मी इतक्या वर्षांत सलग बोलताना ऐकलं नव्हतं. तो दिसत नसलेल्या माणसासमोर वाकून वाकून बोलत राहिला आणि शेवटी म्हणाला, "कचरा आठच्या आत ठेवा असा नियम आपल्याच ऑफिसनं केला आहे. तो पाळता येतो की नाही हे बघायला दुपारी जाऊन कसं चालेल?"

मग मंगळवार ठरला, सकाळी साडेसात. त्यांच्या गल्लीतला जळणाऱ्या कचऱ्याचा वार.

माझी खरी लढाई इथून सुरू झाली, आणि ती सरकारशी नव्हती. मी अनघाला सांगितलं, "नाटक करायचं नाही. दुखत नसेल तिथं कण्हायचं नाही. पण दुखत असेल तिथं हसायचंही नाही. रोज उठतेस त्याच वेळी उठ. गोळी रोजच्या वेळी, डॉक्टरांनी सांगितली तशी. गिरीश रात्रपाळीला असेल तर असू दे. आणि चहा करायचा नाही."

"निदान पाणी?"

"पाणीही नाही."

"आणि मी गाऊनवर? केस न विंचरता?"

"रोज सकाळी विंचरता येतात का?"

"नाही. हात वर जात नाहीत. अकराच्या पुढं."

"मग नाही."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला भर चौकात उभं राहायला सांगत होते. आजार तिनं माहेरच्यांनाही धड कळू दिला नव्हता, आणि मी तो परक्या पुरुषाला, सकाळी, विस्कटलेल्या केसांनी दाखवायला सांगत होते. मला ते कळत होतं. त्या रविवारी तिचा फोन आला, "ताई, अर्ज मागे घेऊ या का?" मी म्हटलं, "घे. आणि साताऱ्याचं तिकीट काढ." ते बोलल्यावर मला माझीच लाज वाटली, पण मी शब्द परत घेतला नाही. फोन तिनं ठेवला.

मंगळवारी ती दार उघडेल की नाही याची मलाही खात्री नव्हती.

ओगावा-सान आणि त्यांच्या वरिष्ठ बाई वेळेआधीच इमारतीखाली हजर होते. ओगावा-सान चांगला माणूस. दुष्ट असता तर माझं काम सोपं झालं असतं. तो अत्यंत प्रामाणिकपणे जे दिसेल ते लिहिणारा होता, आणि मागच्या वेळी त्याला शिरा दिसला होता. आम्ही तिघं जिना चढून वर गेलो. वरिष्ठ बाई तिसऱ्या मजल्यावर थांबल्या, कठड्याला धरून श्वास घेतला. मी त्यांना काहीही सुचवलं नाही, फक्त त्यांच्याबरोबर थांबले.

बेल वाजवली. गिरीश रात्रपाळीवरून अजून परतला नव्हता. आतून मराठीत आवाज आला, "हो, आले आले!"

आणि मग काहीच झालं नाही.

आत पाय ओढल्याचा आवाज ऐकू येत होता. तो दारापर्यंत आला. जुन्या घरांना असते तशी गोल मूठ दाराला होती, पकडून पिळावी लागणारी. ती थोडी फिरली आणि सुटली. पुन्हा थोडी फिरली, पुन्हा सुटली. ओगावा-सान यांचा हात नकळत पुढं गेला, पण कडी आतून होती, बाहेरून करण्यासारखं काही नव्हतं. "सावकाश होऊ द्या," ते दाराला म्हणाले. मूठ पुन्हा किणकिणली. आम्ही तिघं त्या मुठीकडे बघत उभे होतो. कुणी काही लिहीत नव्हतं.

आणि आतून अनघाचा खणखणीत आवाज आला, "दाइजोबु देस!"

मी दुभाषी आहे, सरकारी पाहणीत माझं मत द्यायचं नसतं, हे सगळे नियम मला पाठ होते. पण माझ्या तोंडून गेलंच. मी दारावर थाप मारून ओरडले, "अनघे! आता दाइजोबु म्हणालीस तर बघ!"

"तुम्ही त्यांना काय म्हणालात?" वरिष्ठ बाईंनी मला विचारलं.

मी म्हटलं, "त्या ठीक आहे म्हणाल्या. मी म्हटलं, ठीक नाही."

शेवटी दोन्ही हातांच्या पंजांऐवजी दोन्ही मनगटांमध्ये मूठ धरून तिनं ते दार उघडलं. गाऊन, सुटलेले केस, सुजलेली बोटं, आणि डोळ्यांत पाणी. दुखण्याचं असेल थोडं, पण बरंचसं लाजेचं. दाराशेजारीच बाल्कनीतून अर्ध्या वाटेपर्यंत ओढून आणलेली कचऱ्याची पिशवी पडली होती. गाठ मारता न आल्यामुळे उघडीच.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात अनघा स्वतःच बोलायला लागली. जपानीत. माझ्याकडे न बघता, सरळ ओगावा-सान यांच्याकडे बघून.

"मागच्या वेळी मी तुम्हाला खोटं सांगितलं. कचरा माझा नवरा नेतो. तो नसला की पिशवी इथंच राहते. मागच्या वेळी मी पहाटेपासून तयारी केली, गोळ्या जास्त घेतल्या, तुम्ही गेल्यावर बरेच दिवस अंथरुणातून उठले नाही. मला माझं घर चांगलं दिसायला हवं होतं. मी अशी असते. रोज सकाळी मी अशी असते. मला खालच्या मजल्यावरचं घर मिळालं तर मी वेळेवर कामाला जाईन. नाही मिळालं तर घरचे मला माझ्या देशात परत पाठवतील आणि मग मला कामच राहणार नाही."

एका दमात बोलली. एकाही जागी अडखळली नाही, अदबीची क्रियापदंसुद्धा बरोबर जागी पडली. मसाल्याच्या ऑर्डरी घेऊन घेऊन तयार झालेली जीभ ती! मी पगारी दुभाषी तिथं नुसती उभी होते आणि माझं एक अक्षर लागलं नाही. आयुष्यात इतकी निरुपयोगी मी कधी झाले नव्हते, आणि इतकी खूशही.

ओगावा-सान यांनी बूट काढले, आत आले आणि अनघासमोर खोल वाकले.

"मागच्या वेळी मी दोन कप चहा घेतला," ते म्हणाले. "माफ करा."

अनघा आता मात्र रडली. वरिष्ठ बाईंनी हातातले कागद माझ्याकडे दिले, खाली बसून त्या पिशवीची गाठ मारली आणि म्हणाल्या, "ही मी जाताना खाली ठेवते. आठ वाजायला अजून वेळ आहे." नियमात बसत होतं की नाही कुणास ठाऊक. पण त्या खरोखर ती पिशवी घेऊन चार मजले उतरल्या आणि कावळ्यांपासून कचरा झाकायची जाळी उचलून नीट आत ठेवून गेल्या. खालच्या मजल्यावरच्या, वासाची तक्रार करणाऱ्या आजी दारातून बघत होत्या. त्यांना इतकं आश्चर्य वाटलं की त्यांनीही वाकून नमस्कार केला.

होकार यायला नेहमीसारखाच वेळ लागला. सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण जपानीत नाही, पण असायला हरकत नाही. आला तेव्हा मात्र स्वच्छ आला. आजारपणाचा अग्रक्रम मंजूर, घर एका जुन्या सरकारी वसाहतीत, तळमजला, दाराला गोल मुठीऐवजी खाली दाबायची कडी. मी मोठ्यानं "जिंकलो!" म्हणून ओरडले, मराठीत. पूर्ण ऑफिसनं माना वळवल्या. होरिगुची-सान उठून माझ्या टेबलापाशी आले. मला वाटलं, आता बोलणी बसणार. ते म्हणाले, "साठे-सान, तो शब्द पुन्हा सांगा." मी सांगितला. त्यांनी तो मनातल्या मनात घोळवला आणि परत जाऊन बसले. मग वर्षभर, कुठलीही तक्रार मान्य झाली की ते लांबून माझ्याकडे बघून अगदी हळू आवाजात म्हणायचे, "जिंकरो."

त्यानंतर एक रिवाज बदलला. गृहविभागानं 'ज्या आजारांत सकाळ अवघड असते त्यांची पाहणी सकाळीही मागता येईल' अशी एक ओळ आपल्या सूचनांत घातली. कुणामुळे, ते लिहिलेलं नाही आणि लिहू नये. पण ती ओळ वाचून सकाळ मागणारी माणसं नंतर माझ्या खिडकीवर आली, वेगवेगळ्या देशांची, आणि प्रत्येक वेळी मला त्या जिन्यातला कठड्याला धरलेला हात दिसायचा. अनघानं मला कामाला लावलं, की मी अनघाला, हे सांगणं कठीण आहे. माझ्या नोकरीत हरलेल्या तक्रारी पुष्कळ आहेत. त्या आठवून मी झोपत नाही असं नाही, पण ही एक आठवली की बरी झोप लागते.

सासूबाई मध्ये येऊन महिनाभर राहून गेल्या. सुनेला घेऊन जायलाच आल्या होत्या, म्हणे. एकट्याच परतल्या. गिरीशला पुन्हा आयटीत काम मिळालं आहे. अनघाचे हात अजून दुखतात. हा आजार घर बदलून जात नाही, आणि तसं मी कुणाला कधी सांगितलंही नाही.

निवृत्त झाल्यावर पहिल्याच मोकळ्या सकाळी मी बेसनाचे लाडू घेऊन तिच्याकडे गेले. न कळवता गेले, कारण कळवलं असतं तर तिनं काय काय करून ठेवलं असतं ते मला चांगलं माहीत होतं. सकाळी नवाच्या सुमारास. बेल वाजवली. आतून काही आवाज नाही. पुन्हा वाजवली. कान देऊन ऐकलं. नेहमीच्या सवयीनं मनात आलं, पडली तर नसेल? उठता येत नसेल?

शेजारचं दार उघडलं. झाडांना पाणी घालायला एक जपानी आजी बाहेर आल्या, हातात झारी.

"त्यांच्याकडे आलात का?" त्यांनी विचारलं. "आता नाही भेटायच्या. सकाळच्या त्या कधीच घरी नसतात."

मी लाडवांच्या डब्याची पिशवी दाराच्या कडीला अडकवली आणि त्या बंद दारासमोर उभी राहून एकटीच हसत राहिले.